मदत हवी आहे: युनिफाइड इंग्लिश ब्रेलमधल्या पारिभाषिक शब्दांना मराठीत काय म्हणता?

भाची सातवीत आहे. मराठीसाठी भारती ब्रेल तिला छान येतं, आता इंग्रजीसाठी युनिफाइड इंग्लिश ब्रेल सुरू झालंय. तिला शिकवता यावं म्हणून मीही शिकतेय, पण परिभाषेतच अडकलेय.

ब्रेलच्या सहा ठिपक्यांपैकी १ आणि ३ उठवले (१-३) की मराठीत ‘क’. इंग्रजीत तोच ‘के’, पण एकटा उभा असला की ‘नॉलेज’! याला वर्डसाइन म्हणतात. मग ग्रुपसाइन (अक्षरांच्या गटासाठीचं चिन्ह), शॉर्टफॉर्म (शब्दाचं आखूड स्पेलिंग), आणि या सगळ्यांना मिळून कॉन्ट्रॅक्शन. मी सगळ्यांनाच ‘संक्षेप’ म्हणत बसले, तर पोरगी वैतागली, "मावशी, नक्की कुठला?"

इंडिकेटरला, म्हणजे पुढचं कसं वाचायचं ते सांगणाऱ्या चिन्हाला, मी ‘सूचक चिन्ह’ म्हणते. अंकसूचक ३-४-५-६ तिला सोपं गेलं. पण ग्रेड १ इंडिकेटर (पुढचं चिन्ह संक्षेप किंवा अंक न धरता साधं वाचा, असं सांगणारा), ५-६? ‘बी’ आणि ‘२’ यांचे ठिपके एकच, म्हणून ‘३बी’ लिहिताना मध्ये तो नसेल तर ‘३२’ वाचलं जातं, एवढं पटलं. बाकी कुठे लागतो हे सोप्या मराठीत कसं सांगता?

आणखी एक: माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात ‘टू’ (to), ‘बाय’ (by), ‘ब्ल’ (ble) यांची कॉन्ट्रॅक्शन्स आहेत, युनिफाइड पद्धतीत ती काढलीत. पुस्तक बाजूला ठेवू, की चालेल?

शिकवणाऱ्यांनी, आणि मुख्य म्हणजे रोज ब्रेल वाचणाऱ्यांनी, तुमचे वापरातले शब्द सांगा ना.