दशावतार आहे, मग डार्विन कशाला?

डिचोलीकर: काल आपल्या या ग्रुपवर एकाने लिहिलं, "दहावीतला उत्क्रांतीचा धडा गेला ते बरंच झालं. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम आपल्याला ठाऊक होताच." वाचून राहवेना. अहो, दशावतारात विष्णू ठरवून रूप घेतो. डार्विनच्या गोष्टीत ठरवणारा कोणीच नाही; पिल्लांत बारीक फरक असतात, जी तगतात त्यांचा वंश चालतो. 2023 मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, दहावीच्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातली उत्क्रांतीच उडवली. आपलं गोव्याचं बोर्डही तीच पुस्तकं लावतं. बारावीच्या जीवशास्त्रात आहे म्हणे. कॉमर्सला जाणाऱ्यांनी काय करायचं?

मयेकर: तो 'एक' मीच. जीएसटी भरताना डार्विन लागतो का? कोविडनंतर मुलांवरचा भार कमी केला, त्यात धर्म कुठून आणलात?

म्हापसेकर: 2018 मध्ये केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही. तेव्हा कोविड होता?

मडगावकर: आम्हाला डार्विन कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवला. सकाळी प्रार्थना, तिसऱ्या तासाला डार्विन. 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनीही उत्क्रांती हा नुसता तर्क राहिलेला नाही असं मान्य केलं. कोणाचा धर्म बुडाला?

काणकोणकर: सिस्टरांचं कौतुक पुरे! 2011 मध्ये सरकारने चर्चच्या इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं आणि मराठी शाळांचा गळा आवळला. आमच्या गावची शाळा बंद पडली. वर्गात आता मंडपाच्या खुर्च्या रचून ठेवल्यात.

मडगावकर: तुमची मुलं कुठल्या माध्यमात शिकली?

काणकोणकर: इंग्रजी. मग? गावात शाळा उरली होती का?

मडगावकर: तुमच्यासारख्यांनी पोरं काढली म्हणून उरली नाही.

काणकोणकर: तोंड सांभाळून बोला. माझ्या घरात शिरायचं काम नाही.

म्हापसेकर: भांडण अनुदानाचं नाही हो...

काणकोणकर: तुमच्यासाठी नसेल.

विज्ञानाची बाई: धडा नसला तरी मी मुलांना ओहोटीला चोडणच्या खारफुटीत नेते. निवटी हा चिखलातला मासा; ती पुढच्या परांवर चिखलातून सरकते, ओल्या कातडीतूनही श्वास घेते. ती आपली पूर्वज नव्हे, हे आधीच सांगते. तरी एकाने विचारलंच, "टीचर, ही मत्स्य की कूर्म?"

मयेकर: हुशार पोरगा! बरं, घाला बाबा तुमचा धडा परत. दशावतारालाही एक पान द्या म्हणजे झालं.

डिचोलीकर: मराठीच्या पुस्तकात द्या, माझी ना नाही.

काणकोणकर: पुस्तक द्याल हो, शाळा कुठली?