लीव्हर मशीन: दळण बदलायचं की हात?

मालवी लीव्हर

काल 'दाबबहाद्दर' यांनी हाताने दांडा ओढून एस्प्रेसो काढायच्या मशीनबद्दल इथे लिहिलं: "ग्राइंडर एकदा सेट करा आणि विसरा. लीव्हर तुमच्या हातात आहे. शॉट पळाला तर जोर लावा, अडकला तर सैल सोडा. रोज ग्राइंड बदलणाऱ्याला मशीन कळलेलंच नाही." खाली वाहवा झाली. आपल्या इंदुरात लीव्हर घेतलेली माणसं मोजकी. त्यातल्या दोन नव्या मुलांनी हे वाचून ग्राइंडरला हात लावणंच सोडलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पळणारा शॉट, म्हणजे भराभर उतरणारा एस्प्रेसोचा कप, जोर लावून हळू कसा होणार? पक, म्हणजे दाबून बसवलेली कॉफीची चकती, पाण्याला अडवत नाही, म्हणून तो पळतो. वरून आणखी रेटलंत तर आणखी पळेल. १६ ग्रॅम कॉफी घातली, कपात ३२ ग्रॅम हवी, आणि ती दहा सेकंदांत उतरली, तर ती आंबट आणि पातळच लागणार. लीव्हरवर दाब नुसत्या हातातून येत नाही. समोर अडवणारं काही असेल तरच तो तयार होतो, आणि अडवायचं काम दळणाचं. ५१ मिलिमीटरच्या पकवर ९ बार दाब म्हणजे १८० किलोपेक्षा जास्त भार. दांडा लांब आहे म्हणून हाताला तो जाणवत नाही इतकंच.

दळण बरोबर आहे की नाही, हे लीव्हर ओढायच्या आधीच कळतं. लीव्हर वर घ्या, पाणी पकवर येऊ द्या आणि थांबा. बॉयलरवाल्या मशीनमध्ये तेव्हा जेमतेम एक बार दाब असतो. तेवढ्यावरच खाली धार लागली तर दळण जाड. बराच वेळ थांबूनही कॉफीच्या जाळीदार बास्केटखाली ओल दिसली नाही तर फार बारीक. पाच-दहा सेकंदांत चार ठिकाणी थेंब दिसले की ओढा. त्यानंतर हाताची कला दाखवा, माझी काही हरकत नाही.

आणि "एकदा सेट करा" हे तर माळव्यात चालणारच नाही. मे महिन्यात ग्राइंडरमधून कॉफी उडून भांड्याला चिकटते, दळायच्या आधी बियांवर पाण्याचा एक फवारा मारावा लागतो. जुलैत तेच दळण वेगळं वागतं. शिवाय पाकीट उघडल्यावर बियांतला वायू निघत जातो आणि शॉट दर थोड्या दिवसांनी वेगात यायला लागतो. गिरणीत गहू आणि बाजरी एकाच दळणाला कोणी देतं का?

दाबबहाद्दर

नाव घेऊन लिहिलंत, मग उत्तरही घ्या. तुमचं स्प्रिंग लीव्हर आहे. तिथे दाब स्प्रिंग ठरवते, सुरुवातीला जास्त, शेवटी उतरत जातो. तुमच्या हातात दळणाशिवाय उरतंच काय? माझं डायरेक्ट लीव्हर आहे, तो उतार मी स्वतः देतो. लाइट रोस्टला, म्हणजे कमी भाजलेल्या कॉफीला, मी ६ बारच्या वर जातच नाही आणि कप गोड येतो. शॉट पळायला लागला की हात हलका करतो, धार लगेच मंदावते. रोज करतो, रोज पितो. पुस्तकी हिशेब कपात उतरत नाही.

मालवी लीव्हर

हात हलका केल्यावर धार मंदावते, मान्य. पण तुमच्या कालच्या पोस्टमध्ये बरोबर उलट लिहिलंय: "पळाला तर जोर लावा." नवीन माणूस तेच वाचणार.

आणि जाड दळणावर ३ बारने काढलेला कप गोड असेलही, त्याला अंग, म्हणजे दाटपणा, नसतो. इटलीच्या गाज्जियाने १९४७ मध्ये स्प्रिंग-लीव्हरचं पेटंट घेतलं. त्याआधीची यंत्रं वाफेच्या दाबावर चालायची, दीड-दोन बारवर. क्रेमा, म्हणजे वरचा तपकिरी फेस, दिसायला लागला तो त्या लीव्हरनंतर. दाब सोडून द्यायचा असेल तर गॅसवरचा मोका पॉट स्वस्त पडतो.

फिल्टरवाली

इंदुरात तुम्ही एस्प्रेसोवर भांडताय, याचंच मला नवल. इथे लग्नात "एस्प्रेसो" मागितली की वाफेने फेसाळलेलं गोड दूध मिळतं, वर कोको पावडर. माझ्या सासऱ्यांना घरी शॉट दिला तर ते कप हातात धरून दुधाची वाट बघत बसले. लोकांच्या जिभेवर एस्प्रेसोची चवच नाही, तर दळण दोन खुणा इकडे का तिकडे, याने काय फरक पडणार? मी आपली चिकमगळूरची पीबेरी, म्हणजे गोल दाण्याची कॉफी, आणते, स्टीलच्या फिल्टरमध्ये टाकते. थेंबथेंब उतरणारं डिकॉक्शन कधी पळत नाही.

टीडीएस मीटर

दोघंही चुकीच्या टोकाला धरून ओढताय. खरा प्रश्न पाणी आहे. आमच्या कॉलनीत बोरिंग, किटलीच्या तळाला पांढरा थर. असल्या पाण्यावर कितीही दळण बदला, शॉट खडूसारखाच सपाट लागणार, आणि बॉयलरचं काय होतं ते वेगळंच. नर्मदेचंही फार कौतुक नको, टाकीत पडून राहिलं की ते पण तसंच. मी सरळ आरओ वापरतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, २५. प्रश्न मिटला.

रामबागचे काका

नर्मदेच्या पाण्याला नावं ठेवायच्या आधी जरा वय विचारा समोरच्याचं. १९७८ मध्ये नर्मदेकाठच्या जलूदहून ते पाणी इंदुरात आलं. सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून. त्याआधी आम्ही भावंडं बादल्या घेऊन पहाटे रांगेत उभी असायचो, आई हौदावर कुलूप लावायची. त्या पाण्यावर या शहराने चहा प्यायला, स्वयंपाक केला, पोरं मोठी केली. आता कॉफीचा अर्धा कप बिघडला म्हणून नर्मदा वाईट? बोरिंग आणि नर्मदा एका वाक्यात घेऊ नका.

टीडीएस मीटर

काका, आदर आहेच. पण भावना वेगळी आणि मीटर वेगळा. एक दिवसाआड येणारं पाणी गच्चीवरच्या टाकीत तापतं, त्यात सोसायटीवाले बोरिंग मिसळतात. नळातून येतं ते नर्मदेचं, हे तुम्ही कशावरून म्हणता?

रामबागचे काका

आमच्याकडे बोरिंग नाहीच. नर्मदेची लाइन थेट हौदात. मिसळणारे तुमच्या कॉलनीत असतील, त्यांच्याशी भांडा. मी लीव्हरवर कॉफी करतो ती याच पाण्यावर, गाळून. माझं मशीन बिनबॉयलरचं, किटलीतून वरून पाणी ओतायचं. स्केलची, म्हणजे थराची, भानगड नाही.

पलासियाची प्रयोगशाळा

टीडीएस मीटर भाऊ, २५ वर प्रश्न मिटला नाही, नवा सुरू झाला. कॉफीसाठी साधारण १५० टीडीएस धरतात, ७५ ते २५० चालतं. त्याहून महत्त्वाची अल्कलिनिटी, ती ४० च्या आसपास हवी. कॉफीतलं आम्ल तीच सांभाळते. आरओ तिलाही काढून टाकतो, मग शॉट टोकदार आंबट लागतो आणि लोक दळण बारीक करत सुटतात. उलट बोरिंगच्या पाण्यात ती इतकी जास्त की सगळी फळांची चव मरते. आणि मीटर फक्त विजेचं वहन मोजतो. सॉफ्टनर लावला तर कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, मीटरवर आकडा जवळपास तोच. आरओत थोडं नर्मदेचं गाळलेलं पाणी मिसळा, किटलीत थर बसतो का बघा, चव बघा.

टीडीएस मीटर

म्हणजे शेवटी मिसळायचंच. काकांचंच खरं झालं म्हणा. बरं. पण आरओमुळे माझ्या बॉयलरमध्ये आजवर थर नाही, हे कोणी लिहीत नाही.

पलासियाची प्रयोगशाळा

थर नाही, खरं आहे. फार शुद्ध पाणी धातूला खातं, तेही खरं आहे. काकांसाठी एक: इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे पाणी ९८ अंशालाच उकळतं. बिनबॉयलरच्या मशीनमध्ये ओतताना आणखी उतरतं. लाइट रोस्ट आंबट लागत असेल तर दळण बदलायच्या आधी वरचं भांडं उकळत्या पाण्याने तापवून घ्या. डार्क रोस्टला मात्र ८८-९० पुरे.

दाबबहाद्दर

पाण्याचा महायज्ञ आटोपला असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ. मला अजून कोणी सांगितलं नाही की डायरेक्ट लीव्हरवर तिसरा शॉट जळका येतो त्याला दळण काय करणार. ग्रुप, म्हणजे पाणी सोडणारं मशीनचं डोकं, तापतो, झालं. तिथे हातच कामाला येतो.

मालवी लीव्हर

तिथे हातही नाही, ओलं फडकं कामाला येतं. ग्रुपवर गुंडाळा किंवा मशीन बंद करून थांबा. तापमानाचा दोष दाबाने झाकला की दोन्ही बिघडतात. मी पहिल्यापासून एवढंच म्हणतोय: एका वेळी एकच गोष्ट बदला. डोस वजन करून तोच ठेवा, सुईने गुठळ्या मोडा, कॉफी वरून दाबताना टॅम्प सपाट करा, हात रोजच्यासारखा ठेवा, आणि फक्त ग्राइंडर हलवा. पाण्याचं मात्र प्रयोगशाळेशी सहमत: पाणी बिघडलेलं असेल तर यातलं काहीच कळणार नाही, ते आधी.

दुसरं म्हणजे, शॉट अडकला की लीव्हर परत वर उचलू नका. पक खालून ओढला जातो, त्याला भेग पडते आणि पुढचं सगळं पाणी त्या भेगेतून जातं. आणि दाब उतरल्याशिवाय पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरलेला मुठीचा भाग, काढू नका. गरम लगदा तोंडावर येतो, हे नव्या मुलांना कोणी सांगत नाही.

फिल्टरवाली

भिया, एवढं सगळं करून तीस ग्रॅम?

मालवी लीव्हर

हो ताई. त्या तीस ग्रॅमसाठीच. फिल्टरमधलं डिकॉक्शन मलाही आवडतं, पण तीच कॉफी लीव्हरवर दाट, तेलकट अंगाची होते, आणि ते मला दुसरीकडे कुठे मिळत नाही. सासऱ्यांना त्यात दूध घालून द्या, पण एक घोट आधी बिनदुधाचा.

दाबबहाद्दर

आज ग्राइंडर थोडा बारीक केला. थेंब थांबून आले, मग ओढलं. शॉट बरा होता. पण पाकीटही आजच उघडलं होतं, त्यामुळे श्रेय दळणाचं असं मी म्हणणार नाही.

मालवी लीव्हर

याच पाकिटातून उद्या जुन्या खुणेवर एक काढा. डोस तोच, पाणी तेच. दोन्ही कप कसे लागले ते इथेच लिहा.

रामबागचे काका

पाणी नर्मदेचं घ्या.