शब्दचर्चा : ‘शेजारी’, ‘शेजारधर्म’ आणि ‘सर्वसमावेशक मंडळी’

प्रश्न

नमस्कार. पुण्यातील आमच्या मंडळीच्या (चर्चच्या समुदायाच्या) पास्टरेट कमिटीने, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समितीने, रविवारच्या उपासनेला प्रथमच येणाऱ्यांच्या हाती देण्यासाठी एक पानाचे पत्रक काढायचे ठरवले आहे आणि त्याचा मराठी मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मंडळीची ओळख एका वाक्यात द्यायची म्हणून मी ‘शेजारधर्म पाळणारी सर्वसमावेशक मंडळी’ असे लिहिले. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी असा आक्षेप घेतला की, ‘शेजारधर्म’ हा शब्द वाटीभर साखरेपुरताच आहे, बायबलमधील आज्ञेचा भार तो पेलू शकत नाही. दुसऱ्या एका भगिनींच्या मते ‘सर्वसमावेशक’ हा शब्द शासकीय परिपत्रकातून उचलल्यासारखा वाटतो. ‘शेजारी’ हा शब्दच गाळून ‘बांधव’ किंवा ‘सहमानव’ घ्यावा, अशीही सूचना आली. जाणकारांनी या शब्दांच्या अर्थच्छटा आणि प्रत्यक्ष वापर यांविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर

‘शेजारधर्म’ या शब्दावरचा आक्षेप मला मान्य आहे, परंतु त्यासाठी दिलेले कारण मान्य नाही. वाटीभर साखरेला कमी लेखण्याचे काही कारण नाही. अडचण आहे ती ही की, शेजारधर्मात परतफेड गृहीत असते. शेजारच्या घरून फराळाचे ताट आले तर ते रिकामे परत पाठवायचे नाही, गावाला जाताना किल्ली त्यांच्याकडे ठेवायची आणि ते गावाला गेले की त्यांच्या दुधाच्या पिशव्या आपण घ्यायच्या, अशी ही देवाणघेवाण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते आणि तिच्यातच तिची गोडी आहे. मात्र जो परतफेड करण्याच्या स्थितीत नाही, किंवा ज्याचे घर आपल्या भिंतीला लागून नाही, त्याच्यापर्यंत हा शब्द सहसा पोहोचत नाही.

‘शेजार’ या शब्दाचे नाते ‘शेज’ म्हणजे शय्येशी सांगितले जाते. ते धरले तर शेजारी म्हणजे ज्याची शेज आपल्या शेजेच्या जवळ आहे असा मनुष्य, म्हणजे अंतराने आणि वस्तीने जवळचा. बायबलच्या जुन्या करारातील मूळ हिब्रूत मात्र यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. घराला लागून राहणारा तो ‘शाखेन’. नीतिसूत्रांच्या २७व्या अध्यायात दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा असे जे म्हटले आहे, तेथे हाच शब्द येतो. लेवीय या पुस्तकातील १९:१८ मधील ‘तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ या आज्ञेत तो नाही. तेथे ‘रेआ’ हा शब्द आहे आणि त्याची व्याप्ती सोबती, स्नेही, आपल्या समाजातील दुसरा मनुष्य अशी आहे. मराठी भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘शेजारी’च आल्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नकळत सामाईक भिंत उभी राहते. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘प्लेसिऑन’ हा मात्र ‘जवळ’ या अर्थाच्या शब्दावरूनच आलेला असल्यामुळे, भाषांतरकारांनी ‘शेजारी’ निवडला त्यात त्यांना दोष देता येणार नाही.

लेवीय १९:१८ मधील आज्ञा संदर्भाने वाचली तर ती स्वजनांविषयीच आहे, कारण त्याच वचनात आधी ‘आपल्या लोकांचा’ उल्लेख येतो. म्हणूनच त्याच अध्यायातील ३४वे वचन सोडून चालत नाही. तुमच्यात येऊन राहिलेल्या परदेशीयाला स्वदेशीयासारखे लेखा आणि त्याच्यावरही स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर (इजिप्त) देशात तुम्हीही परदेशी होता, असे तेथे सांगितले आहे. हिब्रूत या माणसाला ‘गेर’ म्हणतात. ‘सर्वसमावेशक’ या शब्दासाठी बायबलचा आधार शोधायचा असेल, तर माझ्या मते या वचनाइतका भक्कम आधार दुसरा नाही. तरीही पत्रकांवर १८वेच वचन छापले जाते आणि ३४वे क्वचितच दिसते.

‘बांधव’ हा शब्द मी घेणार नाही. ‘बंधुप्रीती’ हा नव्या करारातील वेगळा आणि प्रतिष्ठित शब्द आहे, पण तो मंडळीच्या आतल्या नात्याला लावला जातो. बाहेरून प्रथमच आलेल्या माणसाला दारातच ‘बांधव’ म्हटले तर ते गोड वाटेल, परंतु आज्ञेचा रोख त्यात हरवेल, शिवाय अर्धी मंडळी ज्या भगिनींची आहे त्या पुन्हा शब्दाबाहेर राहतील. ‘सहमानव’ हा पाठ्यपुस्तकी शब्द असून पुण्यातल्या कुठल्याही वाड्यात किंवा सोसायटीत तो कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा ‘शेजारी’च ठेवावा आणि त्याचे क्रियापद बदलावे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात एक शास्त्री (धर्मशास्त्राचा जाणकार) येशूला विचारतो, ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नात शेजारी हे नाम आहे आणि त्याची हद्द ठरवून मागितली आहे. दाखला (बोधकथा) सांगून झाल्यावर येशू जो उलट प्रश्न करतो त्यात क्रियापद ‘होणे’ आहे : लुटारूंच्या हाती सापडलेल्या माणसाचा शेजारी या तिघांपैकी कोण झाला? याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) पलीकडून निघून गेले. यहूदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनी लोकांपैकी एकाने मात्र जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. शास्त्र्याच्या तोंडी ‘शोमरोनी’ हा शब्द येत नाही, तो ‘दया करणारा’ एवढेच म्हणतो. ‘शेजारी असणे’ हे पत्त्यावर अवलंबून असते, ‘शेजारी होणे’ मात्र माणसाच्या कृतीवर. म्हणून ‘शेजारधर्म पाळणारी’ याऐवजी ‘शेजारी होऊ पाहणारी’ असे काही सुचवावेसे वाटते.

आणखी एक उत्तर

वरील विवेचनाला एक पुरवणी जोडतो. योहान ४:९ मध्ये यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नाहीत असे वाक्य आहे. त्यातील ग्रीक क्रियापदाचा अर्थ काही अभ्यासक ‘एकाच भांड्यातून खात-पीत नाहीत’ असा करतात. विहिरीवर पाणी मागण्याचा प्रसंग असल्यामुळे हा अर्थ तेथे चपखल बसतो. पुणेकराला तो समजावून सांगावा लागू नये. १८९० साली पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली गेली, उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि त्यावरून जे ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) माजले त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. व्याख्यानाला जाण्यास फारशी हरकत नव्हती, वाद पेटला तो कपाने. त्यामुळे ‘सर्वसमावेशक’ या शब्दाचा कस लागतो तो उपासनेत नव्हे, तर उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनात, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणात, असे माझे मत आहे.

‘प्रीतिभोजन’ हाही आपल्या चर्चेतलाच शब्द आहे. बोलभाषेत ‘प्रीती’ आता बहुतेक भावगीतांपुरती उरली आहे आणि इतरत्र ‘प्रेम’ रूढ झाले आहे, पण ख्रिस्ती मराठीत ‘प्रीती’ ही नव्या करारातील ‘अगापे’ या ग्रीक शब्दासाठी टिकून आहे. ही प्रीती आज्ञार्थात येते, ‘प्रीती कर’. आवडनिवड आज्ञेने होत नाही, त्यामुळे येथे प्रीती म्हणजे भावना नसून वागणूक आहे, हे व्याकरणच सांगते. नव्या करारातील १ करिंथ ११ मध्ये प्रेषित पौलाची तक्रार भावनांविषयी नाही : एकत्र जमल्यावर काही जण आधी जेवून घेतात आणि काही उपाशी राहतात, म्हणून जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असे तो लिहितो. आमच्याकडच्या एका प्रीतिभोजनात मी हे पाहिले आहे. कमिटीच्या सदस्यांसाठी आत टेबलखुर्च्या आणि स्टीलची ताटे होती, बाकीचे अंगणात कागदी पत्रावळ्या घेऊन रांगेत उभे होते, आणि चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या एका काकांना त्यांच्या नातीने पायरीखालीच पुलाव आणून दिला. कोणीही कोणाला मज्जाव केलेला नव्हता. जेवणाआधी वाचन मात्र याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचे झाले होते, ज्यात झगझगीत कपडे घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला ‘तू उभा राहा’ म्हणणाऱ्या मंडळीची खरडपट्टी आहे.

जाता जाता, ‘मंडळी’ हा शब्दही मजेदार आहे. आपण तो चर्चच्या समुदायासाठी वापरतो, वसईकडचे कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात, आणि जुन्या पिढीतील पुणेकर ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे म्हणत तेव्हा त्यांना एकटी पत्नीच अभिप्रेत असे.

प्रश्नकर्तीकडून

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. ‘शेजारी होऊ पाहणारी’ हे कमिटीला दाखवते. मात्र ‘सर्वसमावेशक’चा निर्णय राहिला आणि त्याला जोडून खरा वाद पुढेच आहे. काहींचे म्हणणे ‘सर्वांचे स्वागत’ एवढे पुरेसे आहे. तरुण सदस्य म्हणतात की, कोणाकोणाचे स्वागत ते नाव घेऊन लिहावे : जात कोणतीही असो, घटस्फोटित, दिव्यांग, समलिंगी, तृतीयपंथी, बाप्तिस्मा न घेतलेले, इत्यादी. अशी यादी मराठीत कशी वाचली जाईल?

उत्तर

आधी ‘सर्वसमावेशक’. ‘समावेश’ या शब्दात ‘विश्’ म्हणजे आत शिरणे हा धातू आहे आणि त्यापुरते पाहता एकत्र प्रवेश हा त्याचा अर्थ सुंदरच आहे. परंतु धोरणे, आराखडे आणि शालेय शिक्षणाच्या कागदपत्रांतून वापरून वापरून तो गुळगुळीत झाला आहे, तेव्हा त्या भगिनींचे निरीक्षण खरे आहे. त्याला देशी पर्याय म्हणून ‘सर्वांना सामावून घेणारी’ असे सुचवले जाते, पण त्यात सामावून घेणारा घरमालक ठरतो आणि दुसरा उपकृत पाहुणा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, आणि ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. कमी शिकलेल्या स्त्रियांनाही कळावे अशी सोपी मराठी हा त्यांचा आग्रह होता. आपले पत्रक हाती घेणाऱ्यांतही अशा वाचक असणार, म्हणून मी तेथे विशेषणच टाळून ‘ही मंडळी येथे येणाऱ्या प्रत्येकाची आहे’ असे सरळ वाक्य लिहीन.

यादीच्या बाबतीत मी तरुणांच्या बाजूचा आहे. ‘सर्व’ हा मराठीतील अत्यंत निसरडा शब्द आहे. ‘सर्व ग्रामस्थांना आग्रहाचे निमंत्रण’ या पाटीचा अर्थ गावकुसाबाहेरच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बरोबर ओळखला होता. ज्याला आजवर ‘तू सोडून’ असे सांगितले गेले आहे, त्याला ‘सर्व’मध्ये आपण येतो याची खात्री वाटत नाही. गलतीकरांस पत्रातही पौल नुसते ‘सर्व’ म्हणून थांबत नाही, तो यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री अशी जोड्या-जोड्यांनी नावे घेतो. फक्त आपल्या यादीतील ‘इत्यादी’ काढून टाकावे, कारण ज्याचे नाव राहिले तो ‘इत्यादी’त गेला असे होते. ‘घटस्फोटित’ऐवजी ‘विवाहित, अविवाहित, विभक्त’ असे लिहिल्यास कोणी वेगळे काढल्यासारखे वाटणार नाही. ‘दिव्यांग’ हा शब्द शासकीय वापरात रूढ झाला असला तरी अनेकांना तो नको असतो. आपल्या मंडळीत जे आहेत त्यांनाच विचारून शब्द घ्यावा.

आधीच्या पुरवणीकाराकडून

यादीला माझा विरोध आहे. पौलाच्या त्या वाक्यात नावे येतात ती ‘भेदच नाही’ असे म्हणण्यासाठी. स्वागताच्या पत्रकात तीच नावे लेबल होऊन बसतील आणि दारात उभा असलेला स्वयंसेवक येणाऱ्याकडे पाहून तो यादीतला कितवा, हे मनात ठरवू लागेल. यावर आपले एकमत होईलसे दिसत नाही, तेव्हा तो निर्णय कमिटीने घ्यावा.

एक व्यावहारिक सूचना मात्र करतो. पत्रकाच्या मागे आपण नोंदणीचा तक्ता छापणार असाल तर त्यात ‘वडिलांचे/पतीचे नाव’, ‘मूळ गाव’ आणि ‘आधीची मंडळी’ हे रकाने कशासाठी हवेत ते एकदा पाहावे. आडनाव आणि मूळ गाव मिळून आपल्याकडे बहुतेक वेळा जात कळते. नाव, हाक मारलेली आवडेल ते नाव आणि दूरध्वनी क्रमांक एवढ्याने काम भागते. आणि मागच्या दाराला उतार असेल तर ते ठळक टाइपात लिहावे. नसेल, तर उचलून घ्यायला कोणाला बोलवायचे, त्याचा क्रमांक द्यावा.