जीवघेण्या अपघाताच्या बातमीत किती तपशील द्यावा?

वऱ्हाडी वाचक:
१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या सकाळी मी पाहत असलेल्या वाहिनीवर निवेदक एका प्रत्यक्षदर्शीला पुन्हा पुन्हा विचारत होता की, आतून कसले आवाज येत होते. प्रेक्षकाला हे कळण्याची खरोखर गरज असते का?

जुना उपसंपादक:
मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षे काढली आहेत. पान सोडायच्या घाईत वार्ताहराचा मजकूर येई, त्यात ‘काळाचा घाला’, ‘रक्तामांसाचा सडा’ अशी ठेवणीतली वाक्ये हमखास असत. ती कापून आम्ही ‘घटनास्थळीच मृत्यू’ एवढेच ठेवत असू. परंतु त्या बसच्या बातमीतील एका तपशिलाला मी कात्री लावली नसती. बस डाव्या कुशीवर पडल्यामुळे तिचा दरवाजा खाली दबला गेला आणि वाचलेल्यांपैकी काही जण खिडकीची काच फोडून बाहेर आले. ऐकायला हे भयंकरच आहे. मात्र संकटकाळी बाहेर पडायची वाट आणि काच फोडायची हातोडी बसमध्ये होती का, हा प्रश्न याच वाक्यातून उभा राहतो.

नाशिककर:
माझ्या मावसभावाच्या अपघाताची बातमी आम्हाला पोलिसांच्या आधी दूरचित्रवाणीने दिली. मावशी पोळ्या लाटत होती, टीव्ही नेहमीप्रमाणे चालू होता आणि चेपलेल्या गाडीचा नंबर पडद्यावर स्पष्ट दिसला. तो किती वेळ अडकून पडला होता, हे पुढे मावशीने स्वतःहून विचारले, तेव्हा डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळे सांगितले, काहीही लपवले नाही. तेच वाक्य निवेदकाच्या तोंडून आधी ऐकावे लागले असते, तर तिचे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

नियमांचा अभ्यासक:
माहिती व प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी दूरचित्रवाणी वाहिन्यांना सूचनापत्र पाठवून मृतदेह आणि रक्तबंबाळ जखमींची दृश्ये धूसर न करता दाखवू नयेत, असे बजावले होते. एका क्रिकेटपटूच्या मोटार अपघाताच्या प्रक्षेपणाचे उदाहरणही त्यात होते. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्याखालील कार्यक्रम संहितेचा आधार त्याला होता. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत ही बस जळाली. शिवाय घटनास्थळी मोबाइल उंचावून उभ्या राहणाऱ्या बघ्यांना ही संहिता लागूच होत नाही, आणि आजकाल निम्मी दृश्ये तर त्यांच्याकडूनच येतात.

वऱ्हाडी वाचक:
उपसंपादक महोदय, दरवाजाचा तपशील मी त्या दिवशी ऐकला असणारच, पण मला आठवतात ते फक्त आवाजांविषयीचे प्रश्न. पुढच्या शुक्रवारी मी याच मार्गाने रात्रीच्या बसने पुण्याला जाणार आहे. ती हातोडी बसमध्ये नेमकी कोठे लावलेली असते, हे कोणी सांगू शकेल का?