एनआरएलचे संघ वाढणार, मग खेळाडू आणायचे कुठनं?

पेठेतला_प्रॉप: गांधी मैदानावर पोरांना रग्बी शिकवतो. 2023 ला डॉल्फिन्स हा नवा संघ आल्यावर एनआरएलचे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीग स्पर्धेचे, 17 संघ झाले. 2027 ला पर्थ बेअर्स येणार, 2028 ला पापुआ न्यू गिनीचा चीफ्स. संघाला तीसेक गडी लागतात. धिप्पाड फॉरवर्ड मिळतील ओ, पण पाचव्या टॅकलनंतर (सहाव्याला चेंडू समोरच्याकडे जातो) किक कुठं मारायची हे कळणारा, डाव चालवणारा हाफबॅक एवढ्यात तयार होतो का? जुने संघ रिकामे होतील याची मला खरंच काळजी वाटते.

करवीर_13: दादा, तिथं ड्राफ्ट नाही, म्हणजे नवे खेळाडू क्लबांना पाळीपाळीनं निवडायला देत नाहीत. कराराच्या शेवटच्या वर्षाआधीच, 1 नोव्हेंबरपासून, खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलू शकतो. म्हणून ओढाताण लवकर सुरू होते. पण सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, कडक आहे. ती मोडली म्हणून 2010 मध्ये मेलबर्न स्टॉर्मची 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेतली. चीफ्सच्या खेळाडूंना मात्र आयकर माफ. तेवढ्याच पगारात हातात जास्त पडणार, तिथंच खरी चुरस.

रंकाळा_विंगर: आपल्या तालीम संघांनी फुटबॉलला बाहेरचे खेळाडू आणले, तेव्हा पेठेतली पोरं बाकावर बसली. पापुआ न्यू गिनीत रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ, गल्लीगल्लीत पोरं खेळतात. करमाफीच्या जोरावर नुसती मोठी नावं आणली आणि तिथल्या पोरांना मैदान मिळालं नाही, तर मला वाईट वाटेल.

पेठेतला_प्रॉप: अगदी मनातलं बोललास भावा. तिथल्या ज्युनिअर अकादमीबद्दल कुणाला माहिती असेल तर लिहा.