जुना अमोनिया प्लांट हाती आलाय, देखभाल कुठून सुरू करू?

नवा_ऑपरेटर: नमस्कार मंडळी. एका शीतगृहाचा अमोनिया प्लांट नुकताच माझ्याकडे आलाय. लॉगबुकात कॉम्प्रेसरचं प्रेशर आणि तापमान सोडून काहीच नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बदलले, कुणालाच माहीत नाही. आयएसओ ५१४९, ईएन ३७८, आयआयएआर ही सुरक्षा-स्टँडर्डची नावं वाचून आणखीच गोंधळलोय. आधी हात कशाला घालू?

रात्रपाळी: आधी ऑइल ड्रेन बघा, बाकी सगळं नंतर. कॉम्प्रेसरमधून वाहून आलेलं तेल द्रवरूप अमोनियापेक्षा जड, म्हणून भांड्याच्या तळाशी बसतं, आणि ते काढताना माणसं भाजतात. मी स्वतः पाहिलंय: आधी काळं, दाट तेल संथ येत होतं, मग धार एकदम फेसाळली आणि दुसऱ्या क्षणी पांढरा ढग. ड्रेनला साधाच व्हॉल्व्ह होता, फिरवून बंद करेपर्यंत माणूस तिथे थांबूच शकला नाही. तो वाचला, पण हाताची कातडी गेली.

तिथे स्टॉप व्हॉल्व्हच्या पुढे हात सोडला की स्प्रिंगने आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह हवाच. त्याला तार बांधून उघडा ठेवलेला दिसला तर आजच सोडवा. ऑइल पॉट, म्हणजे तेल साठतं ते भांडं, आधी व्हॉल्व्ह बंद करून सिस्टिमपासून वेगळं करा, आतला अमोनिया कॉम्प्रेसरच्या सक्शनला (ओढणाऱ्या बाजूला) खेचू द्या. बाहेरचा बर्फ वितळून पॉट कोमट लागेपर्यंत ड्रेनला हात लावू नका. दोन माणसं हवीत, आणि धार चालू असताना जागा सोडायची नाही.

पाइपलाइन: अगदी खरं. स्टँडर्डचं म्हणाल तर सगळी एकदम वाचू नका. चालू प्लांटच्या तपासणी-देखभालीला आयआयएआर ६, आणि जुना प्लांट किमान सुरक्षित आहे का हे ताडायला आयआयएआर ९. सेफ्टी व्हॉल्व्ह साधारण ५ वर्षांनी बदलायचे असतात. तारीख सापडत नसेल तर मुदत संपली असंच धरा. जोडीने बसवून मध्ये थ्री-वे व्हॉल्व्ह (एका वेळी एकच बाजू बंद करणारा) असेल तर प्लांट बंद न करता एकेक बदलता येतो.

इन्सुलेशनही विसरू नका. जिथे ते फाटलंय, फुगलंय किंवा घाम धरतंय तिथे उघडून पाइपची जाडी मोजून घ्या. गंज आतल्या आत खातो, वरून रंग छान दिसतो.

नवा_ऑपरेटर: खूप आभार. आमचा ड्रेन व्हॉल्व्ह साधाच आहे, आत्ताच पाहून आलो. अमोनिया गळतीचा डिटेक्टरही नाही, साहेब म्हणतात वास येतोच की.

रात्रपाळी: वास लवकर येतो हे खरं, पण रोज तिथे वावरणाऱ्याचं नाक सरावतं, आणि रात्री रिकाम्या मशिनरूममध्ये वास घेणार कोण? ३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) ही जिवाला तत्काळ धोक्याची पातळी आहे. १५ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान हवेतला अमोनिया पेटूही शकतो. साहेबांना फर्नीचं सांगा. कॅनडातल्या त्या आइस रिंकमध्ये २०१७ साली जुन्या चिलरमधून (थंड करणाऱ्या यंत्रातून) अमोनिया ब्राइनमध्ये, म्हणजे बर्फ गोठवणाऱ्या खारट पाण्यात, गळला आणि तिघे गेले.

पाइपलाइन: एक भर: सांडलेल्या द्रवरूप अमोनियावर पाण्याचा फवारा मारू नका, तो आणखी उसळतो. पाणी हवं ते माणसासाठी. आयवॉश आणि शॉवर मशिनरूमच्या दाराबाहेर, डोळ्यांत अमोनिया गेला तर सलग १५ मिनिटं धुवायचं. आणि तो ड्रेन व्हॉल्व्ह बदलेपर्यंत तेल काढू नका. त्याची मागणी आजच लेखी द्या, डिटेक्टरची त्याच कागदावर.