अनुभव लिहा: अमेरिकेत इंजिनीअरिंग शिकताना पैशांची सोय कुठून झाली?

धाकट्या बहिणीचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, आला. त्यावरचा पहिल्या वर्षाच्या खर्चाचा आकडा बघून घरात बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. तेव्हापासून आम्ही दोघी रोज रात्री शोधत बसतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला फाफ्सामधून (अमेरिकी सरकारी मदतीचा अर्ज) काही मिळत नाही, म्हणजे पेल ग्रँट हे सरकारी अनुदान आणि सरकारी कर्ज दोन्ही बाद. एनएसएफ या अमेरिकी सरकारच्या विज्ञान-निधी संस्थेची ग्रॅज्युएट फेलोशिपही अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांपुरतीच. शिष्यवृत्त्यांच्या लांबलचक याद्या वाचून झाल्यावर एवढं कळलं, की परदेशी विद्यार्थ्यासाठी खरा पैसा बहुतेक वेळा विद्यापीठाच्या आतच असतो. तो कुणाकडे मागायचा, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून विनंती आहे. "प्रयत्न केले, मिळालं" एवढ्यावर थांबू नका. कुणाला विचारलंत, कधी विचारलंत, हातात काय आलं आणि काय चुकलं, तेही सांगा.

* * *

ताई, बहीण टेक्ससला जाणार असेल तर हे नक्की वाचायला द्या. मी तिथल्या एका सरकारी विद्यापीठात मेकॅनिकलमध्ये एमएस केलं. प्रवेशपत्रात पैशांबद्दल अवाक्षर नव्हतं. एका सीनियरने सांगितलं, विभागाच्या हजार डॉलरच्या शिष्यवृत्तीला अर्ज टाक. मला वाटलं, एवढ्या फीपुढे हजार डॉलरनी काय होणार? मग त्याने नियम समजावला. टेक्ससच्या कायद्यानुसार विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त समितीने स्पर्धेतून वर्षाला किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली, तर राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला राज्यातल्या रहिवाशाच्या दराने फी लागू शकते. परदेशी विद्यार्थीही त्यात येतो. दोन दरांमधला फरक त्या हजारापेक्षा कितीतरी मोठा असतो.

या सवलतीच्या जागा मर्यादित असतात. बाहेरच्या एखाद्या संस्थेने थेट दिलेले हजार डॉलर यात धरत नाहीत. मी पहिल्या सेमिस्टरला मुदत चुकवली, दुसऱ्या वेळी विभागातल्या एमएस-पीएचडीचं कामकाज बघणाऱ्या ग्रॅड कोऑर्डिनेटरना स्वतः जाऊन भेटले आणि तेव्हा मिळाली. त्या बाईंना विभागातल्या प्रत्येक निधीची तारीख तोंडपाठ होती. तिथे आठवड्याला २० तासांची टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (संशोधनात मदत) अशी पगारी नोकरी मिळाली तरी हाच दर लागू होतो, फक्त काम आपल्या अभ्यासक्रमाशी संबंधित हवं.

* * *

बारावीनंतर थेट बीएसला जाणाऱ्यांसाठी लिहितो. माझी चूक झाली ती अर्जातल्या एका चौकोनात.

"आर्थिक मदत हवी का?" या प्रश्नावर मी "नाही" केलं. भीती अशी, की मदत मागितली तर प्रवेश हुकेल. भीती अगदीच खोटी नव्हती. बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे का, हे निवडताना बघतात. दुसऱ्या वर्षी बाबांचा व्यवसाय बसला. मी मदत कचेरीत गेलो. तिथे समजलं, की प्रवेशाच्या वेळी न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे मागता येत नाही. नियम त्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलेला होता, मीच वाचला नव्हता. उरलेली वर्षं मामांच्या कर्जावर काढली. ते दिवस आजही आठवायला नको वाटतात.

एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल, डार्टमथ यांच्याकडे परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता निवड होते आणि निवड झाल्यावर गरज असेल तेवढी पूर्ण मदत मिळते. एमआयटी तर गुणांवर शिष्यवृत्ती देतच नाही, जे देते ते फक्त गरजेवर. तिथे संकोच न करता "हो" म्हणा. बाकी प्रत्येक कॉलेजचं पान उघडून "नंतर मागता येतं का" हे एक वाक्य शोधा. सापडलं नाही तर मेल करून लेखी उत्तर घ्या. सीएसएस प्रोफाइल हा कॉलेजच्या मदतीसाठीचा अर्ज भरायला आईबाबांच्या उत्पन्नाचे कागद लागतात. ते आधीच गोळा करून ठेवा, आम्ही शेवटच्या आठवड्यात धावत होतो.

* * *

पीएचडी, इलेक्ट्रिकल. मी साठेक प्राध्यापकांना एकच मेल पाठवला होता. दोन उत्तरं आली, दोन्ही नकार.

मग मार्ग बदलला. एनएसएफने कुणाला कशासाठी किती अनुदान दिलं आणि ते कधी संपतं, याची माहिती सर्वांसाठी खुली आहे. ज्यांचं अनुदान नुकतंच सुरू झालं होतं अशा नऊ जणांची नावं काढली. प्रत्येकाचा एकेक शोधनिबंध नीट वाचला आणि त्यातल्या एका मुद्द्यावर माझ्या प्रोजेक्टमधला अनुभव चार ओळींत लिहिला. चार जण बोलायला तयार झाले, एकाकडे आरए मिळाली. फेलोशिपला नागरिकत्व लागतं, पण एनएसएफच्या अनुदानातून प्राध्यापक परदेशी विद्यार्थ्याला आरए म्हणून घेऊ शकतात. हा फरक खूप जणांना माहीत नसतो. संरक्षणखात्याशी जोडलेल्या काही प्रोजेक्टवर मात्र आपल्याला घेता येत नाही, तिथला नकार मनाला लावून घेऊ नका.

ऑफर आली की तीन गोष्टी विचाराच: विद्यापीठाचे इतर शुल्क माफ आहेत का, आरोग्यविमा कोण भरतं आणि उन्हाळ्यात पगार चालू राहतो का. माझा पहिला उन्हाळा बिनपगारी गेला. बरीच विद्यापीठं फंडिंगच्या ऑफरवर १५ एप्रिलपर्यंत विचार करू देतात, तेव्हा कुणी घाई केली तर त्या तारखेची आठवण करून द्या.

* * *

माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम करता येतं. मी आधी मेसमध्ये होतो, नंतर ग्रेडर, म्हणजे विद्यार्थ्यांचे गृहपाठ तपासणारा, झालो. त्यातून भाडं आणि किराणा निघाला, फी निघत नाही. त्या भरवशावर कुणी निघू नका.

* * *

वर कुणी कराचं लिहिलं नाही, म्हणून लिहिते. शिष्यवृत्तीचा जो भाग राहण्याजेवण्यासाठी असतो, त्यावर कर लागतो. एफ-१ वाल्यांचा तो साधारणपणे १४ टक्क्यांनी आधीच कापला जातो. मी हिशेब पूर्ण रकमेचा धरला होता आणि पहिल्याच सत्रात भाड्याला पैसे कमी पडले. भारत-अमेरिका करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे करपात्र रकमेतून ठरावीक वजावट, घेता येतं. कापलेले पैसे मला त्यामुळे परत मिळाले, पण पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर. १०४२-एस हा कापलेल्या कराचा फॉर्म जपून ठेवा.

* * *

धागा काढणारी मीच. टेक्ससचा अनुभव वाचून बहिणीने काल रात्रीच विभागाच्या कोऑर्डिनेटरना मेल केला, आणि सकाळी उत्तर आलं. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापासून वेगळा असतो आणि मुदत संपायला अकरा दिवस आहेत. ती आत निबंध लिहीत बसली आहे. शिफारसपत्र इतक्या कमी दिवसांत कुणी मिळवलं असेल, तर सरांना कसं विचारलंत तेही लिहा.